छतावरची तबकडी

आमच्या घरात पॅसेजच्या छताला जेवणाच्या ताटाएवढी एक पांढरी तबकडी बसवलेली आहे. नवखा पाहुणा तिला आगीची सूचना देणारं यंत्र समजतो, आणि गेल्या वर्षी त्या तबकडीखाली जे काही पेटलं ते पाहता तो फारसा चुकत नाही. तिच्यातून वायफाय येतं. वायफाय म्हणजे बिनतारी, आणि तार नाही म्हणजे कटकट नाही, असं तबकडी बसवणाऱ्या माणसाने मला सांगितलं होतं. तो छताला चार भोकं पाडून गेला आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

तबकडी पॅसेजमध्येच का, हा प्रश्न मला आजवर सतरा जणांनी विचारला आहे. हॉलचं छत आमच्या हिने नुकतंच रंगवून घेतलं होतं, त्यामुळे तिथे भोक पाडायचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्या खोलीत बसवावी, तर डोक्यावर निळा दिवा लुकलुकत असताना हिला झोप लागणार नव्हती. उरला पॅसेज, तोही मुख्य दारापासून दोन हातांवर. परिणामी आमचं वायफाय दाराबाहेर जिन्यात फार उत्तम चालतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पण खाली पहिल्या मजल्याच्या वळणावर बसूनसुद्धा अख्खा सिनेमा न अडखळता बघता येतो. लेकीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून पोचेपर्यंत त्या वायफायमध्ये जीव राहत नाही.

आता गुन्हा सांगतो. घरात सांगायचं धैर्य मला झालं नाही, निदान तुम्हाला तरी सांगितलेला बरा.

लेकीची त्या मंगळवारी अकरा वाजता शेवटच्या फेरीची मुलाखत होती. पुलांची तपासणी करणारी एक नावाजलेली कंपनी, आणि आमची लेक शाळेत असल्यापासून पुलाखाली उभी राहून वर बघत बसणारी. आठ महिने ती या मुलाखतीची वाट पाहत होती. मुलाखत लॅपटॉपवर, तिच्या खोलीत, दार लावून. मी मानसिक आधार म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पण दार लावलेल्या माणसाला मानसिक आधार कसा द्यायचा हे मला ठरवता येईना, म्हणून मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसलो आणि फोनवर तबकडीचं ॲप उघडलं.

त्यात ‘रेडिओ सेटिंग्ज’, म्हणजे वायफायच्या लहरी फेकणाऱ्या भागाचं, असं पान होतं. त्यावर ‘पॉवर’, आणि पुढे चार पर्याय: कमी, मध्यम, जास्त, ऑटो. आमची तबकडी ऑटोवर होती. ऑटो हा प्रकार मला कधीच मानवलेला नाही. मी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात अठ्ठावीस वर्षं आहे, आणि जे आपोआप होईल म्हणून सोडलं ते कधीच होत नाही, हा माझा अनुभव आहे. आपल्या मुलीची मुलाखत चालू असताना यंत्राने जास्त जोर लावू नये? मी ‘जास्त’वर बोट ठेवलं. ॲपने विचारलं, ‘बदल लागू करण्यासाठी रेडिओ पुन्हा सुरू करायचा?’ असल्या प्रश्नाखाली ‘मंजूर’ लिहायचं हीच माझी आयुष्यभराची नोकरी. मी ‘हो’ दाबलं.

तबकडीचा निळा दिवा विझला. खोलीतून आवाज आला, “हॅलो? माझा आवाज येतोय का? हॅलो?” असं तीन वेळा झालं, मग सगळं शांत झालं. तबकडीला शुद्धीवर यायला चार मिनिटं लागली, आणि तेवढ्यात पलीकडच्यांनी मुलाखत बंद केली होती.

लेक बाहेर आली. रडली नाही. उभ्यानेच पाणी प्यायली आणि “गेलं” म्हणाली.

ही म्हणाली, “क्षणभर वीज गेली असेल गं.”

मी म्हणालो, “हो, पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला मला.”

पंखा सकाळपासून बंदच होता. लेकीने वर पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खोलीत गेली.

संध्याकाळी कंपनीची मेल आली. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, अकरा वाजता, पुन्हा एक संधी. मात्र ‘यानंतर वेळ बदलून मिळणार नाही.’ माझ्या हातात दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत तबकडीचा रेडिओ असा बसवायचा की लेकीच्या खोलीत तो दणदणीत पोचेल, असा मी निश्चय केला. पापाचं प्रायश्चित्त पापाच्याच जागी घ्यावं, असं माझं आपलं मत.

“अहो, त्या यंत्राला हात लावू नका,” ही म्हणाली.

“हात कुठे लावतोय? फोनवरूनच तर करतोय.”

इतर उपाय नव्हते असं नाही. मोबाइलवरून मुलाखत द्यावी, तर आमच्या इमारतीत मोबाइलची रेंज यायला हात खिडकीबाहेर धरावा लागतो. पॅसेजमध्ये बसावं, तर पाठीमागे बाथरूमचं दार दिसतं. लेक म्हणाली, “बाबा, सरळ तार ओढू या ना माझ्या खोलीपर्यंत.” यावर मी म्हणालो की तारच ओढायची होती तर बिनतारी कशाला घेतलं? त्या क्षणी हे उत्तर मला बिनतोड वाटलं होतं. त्याची आठवण झाली की अजूनही माझे कान गरम होतात.

पहिल्यांदा मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या आणि त्यांनी यंत्राचा क्रमांक मागितला. क्रमांक यंत्राच्या पाठीवर असतो, आणि यंत्राची पाठ छताला. मी स्टुलावर, हिने स्टूल धरलेलं, हिच्या खांद्यावर फोन, आणि मी तबकडी फिरवून सोडवतोय. क्रमांक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अठरा आकडी. तो वाचून झाल्यावर बाई गोड आवाजात म्हणाल्या, “सर, रेडिओ सेटिंग्ज ही ग्राहकाच्या अखत्यारीतली बाब आहे.” मी फोन ठेवला. राग आला नाही, उलट आदर वाटला. अगदी हेच उत्तर मी स्वतः हजारो लोकांना दिलेलं आहे, पण त्याआधी कुणाला छतापर्यंत चढवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. ॲपमध्ये ताकद मोजायची सोय आहे. मी घरभर फिरून जागोजागी आकडे घेतले आणि चिठ्ठ्यांवर लिहून भिंतींना चिकटवले. पॅसेजमध्ये पंचेचाळीस, हॉलमध्ये बासष्ट, लेकीच्या खोलीत ऐंशी! तिची खोली घरात पहिली आलेली बघून मला भरून आलं. कपाट थोडं सरकवून दारासमोर आणलं तर त्र्याऐंशी झाले. गादी उभी केली, पंच्याऐंशी. रविवारी सकाळी मी तिच्या टेबलाभोवती पुस्तकांची भिंत रचून नव्वदी गाठायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती आंघोळ करून आली.

“बाबा, हे काय आहे?”

“अठ्ठ्याऐंशी झालेत. दुपारपर्यंत शंभर करतो.”

तिने फोन माझ्या हातून घेतला, बघितला आणि परत दिला. “बाबा, आकड्याच्या आधी रेघ आहे ना, ती उण्याची आहे. जितका आकडा मोठा तितकं वायफाय मेलेलं. आता इथे काहीच येत नाहीये.”

ती आवाज न चढवता, शांतपणे गादी खाली घालू लागली. त्या मंगळवारपासून ती अशी शांतच होती, आणि त्या शांततेची मला भीती वाटत होती. ती ओरडली असती तर मी कबूल केलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबलेलं होतं.

शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या बोटवाल्या अण्णांकडे गेलो. अण्णा तीस वर्षं मालवाहू जहाजावर वायरलेस सांभाळायचे. आता कानाला यंत्र आहे, पण रेडिओ म्हटलं की त्यांचे डोळे लकाकतात. ते काठी टेकत आमच्या पॅसेजमध्ये आले, तबकडीकडे बघितलं, माझ्या फोनकडे बघितलं.

“पॉवर कितीवर ठेवलीय?”

“जास्त. म्हणजे सगळ्यात जास्त.”

“का?”

“लेकीच्या खोलीत पोचावं म्हणून.”

“पोचतंय की. याची आरोळी तिच्या खोलीत पोचते. पण तिच्या लॅपटॉपचा बारीक आवाज याच्यापर्यंत पोचतो का? तू नुसता ओरडतोयस, तिचं ऐकू कुठे येतंय तुला?”

अण्णा तबकडीबद्दल बोलत होते. तरी मी जरा खाली बघितलं.

मग त्यांनी मला आजूबाजूच्या वायफायची यादी काढायला लावली. आमचं धरून चौदा नावं निघाली, आणि सगळी एकाच चॅनलवर, सहा नंबरच्या. अण्णांनी समजावलं की मुळात उपयोगाचे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा. मधले वापरले तर शेजाऱ्याच्या पायावर पाय पडतो. एका चॅनलवर चौदा घरं असली की प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघावी लागते. “नवीन चांगल्या बँडवर, म्हणजे दुसऱ्या लहरींवर, जा म्हणतील लोक, पण तो तुझ्या दोन भिंती आणि कपाट ओलांडणार नाही. तुला हाच बँड, आणि यावर जोराने काही होत नाही. बाकीचे गप्प बसले पाहिजेत.”

बाकीच्यांना गप्प बसवण्याचं काम आमच्या इमारतीत एकच माणूस करू शकतो, तो म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरींना मी हे सांगायला गेलो ही माझी दुसरी चूक. गाडी लावायच्या जागांचं वाटप यशस्वी झाल्यापासून ते वाटप करण्यासाठी दुसरं काहीतरी शोधत होते. हवेत वाटण्यासारखं काही आहे हे कळल्यावर त्यांनी तिथल्या तिथे सूचना लिहिली: ‘विषय: वायफाय चॅनलचे मजलानिहाय वाटप. सर्वांनी उपस्थित राहावे.’

बुधवारी सभा झाली. समोरच्या वहिनी घरातून चित्रकलेचे ऑनलाइन वर्ग घेतात, त्या पहिल्यांदा उठल्या. “दोन, तीन, चार, पाच नंबर रिकामे ठेवायचे? पार्किंगमध्ये चार जागा रिकाम्या ठेवल्या तर चालेल का कुणाला?” यावर टाळ्या पडल्या. अण्णांनी पायावर पाय पडण्याचं सांगितलं, पण तळमजल्यावरच्यांना एकच हवा होता, कारण तो पहिला, आणि चौथ्या मजल्यावरच्यांना अकराच, कारण तो मोठा. सहा कुणालाच नको झाला. कालपर्यंत सगळे त्यावर नांदत होते, पण वाटप म्हटलं की माणसाला हातातलं खोटं वाटू लागतं. अखेर चिठ्ठ्या टाकल्या. दहा घरं एक आणि अकरावर गेली. उरलेल्या चार चिठ्ठ्यांवर सहा निघाला, त्यांतली एक माझी.

मी उभा राहिलो. लेकीची मुलाखत, शुक्रवार, अकरा वाजता, शेवटची संधी, हे सगळं सांगितलं. मागच्या वेळी काय झालं ते सांगितलं नाही. ‘तांत्रिक अडचण’ म्हणालो. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. वहिनी म्हणाल्या, “अहो, मग आम्ही सगळेच बंद ठेवतो तासभर! पोरगी आपलीच आहे.” ठराव एकमताने मंजूर झाला: शुक्रवारी अकरा ते बारा सर्वांनी आपापलं वायफाय बंद ठेवावं. इमारतीच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव, त्यामुळे सेक्रेटरींनी तो दोनदा वाचून दाखवला.

शेवटी त्यांनी माहितीचा तक्ता फिरवला. त्यात रकाने होते: घर क्रमांक, वायफायचं नाव, चॅनल, पासवर्ड, सही. मी अठ्ठावीस वर्षांत एकही रकाना कोरा सोडलेला नाही. रकाना कोरा असला तर कागद परत पाठवायचा, हे मी स्वतः नव्या कारकुनांना शिकवतो. मी पाचही रकाने सुवाच्य अक्षरात भरले. इतर तेरा जणांनी पासवर्डचा रकाना सोडला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही तो तक्ता खाली सूचनाफलकावर लागल्यानंतर. तो काढायला मी गेलो, पण फलकाला काच होती, काचेला कुलूप होतं, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. ते म्हणाले, “सभेचं कामकाज आहे, आठ दिवस लावावंच लागतं.” नियम माझ्या बाजूने असता तर मीही हेच म्हणालो असतो. ज्याच्या त्याच्या घरी वायफाय असताना माझा पासवर्ड कोण वापरणार, म्हणून मी तो बदललाही नाही.

“बाबा, तू माझ्या मुलाखतीसाठी सभा घेतलीस?” लेकीने विचारलं.

“मी नाही. सेक्रेटरींनी.”

“जिन्यात पाच जणांनी मला ऑल द बेस्ट म्हटलं. एकांनी विचारलं, पूल पडतात का हल्ली फार.”

शुक्रवार उजाडला. मी रजेवर. सकाळी पॉवर अण्णांच्या सांगण्याप्रमाणे मध्यमवर आणलेली, चॅनल सहा, कपाट मूळ जागी. सगळं तपासून नऊ वाजता मी फोन हिच्याकडे देऊन टाकला आणि साडेनऊला परत घेतला. पावणेअकराला लेक खोलीत गेली, दार लागलं. घड्याळाचा काटा माझ्याकडेच बघत पुढे सरकत होता. अकराला पाच कमी असताना मी यादी उघडली. तेरा वायफाय एकेक करून नाहीशी झाली. दिलेला शब्द पाळणारी एवढी माणसं एका इमारतीत राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

अकरा वाजता खोलीतून तिचा आवाज ऐकू आला. स्पष्ट, ठाम. मी श्वास सोडला. अकरा वाजून तीन मिनिटांनी ती म्हणाली, “माफ करा, पुन्हा सांगता का? आवाज तुटला.”

मी ॲप बघितलं. ‘जोडलेली उपकरणं: एकोणीस.’ आमच्या घरात पाच आहेत. मोजून पाहिलं, फ्रिज धरला तरी पाचच.

मी दार उघडून जिन्यात डोकावलो. खालच्या वळणापासून वरच्या वळणापर्यंत पायऱ्यांवर अख्खी इमारत बसली होती, प्रत्येकाच्या हातात फोन. घरचं वायफाय बंद केल्यावर माणसाने तास कसा काढायचा? सूचनाफलकावर पासवर्ड, जिन्यात झकास रेंज. वहिनींच्या मांडीवर टॅबलेट, त्यात अकरा मुलं एकाच वेळी फुलदाणी काढत होती. सेक्रेटरी बातम्या बघत होते. त्यांनी मला खुणेने विचारलं, कसं चाललंय?

मी आत आलो. पासवर्ड बदलला की सगळे बाहेर पडतील! पान उघडलं, नवा पासवर्ड टाकला, आणि खाली तोच प्रश्न आला: ‘बदल लागू करण्यासाठी रेडिओ पुन्हा सुरू करायचा?’ हो. नाही. माझं बोट त्या ‘हो’वर होतं. खोलीतून आवाज आला, “हॅलो? माझा आवाज येतोय का?”

तो मंगळवारचाच आवाज होता. मी बोट उचललं, फोन स्टुलावर ठेवला आणि जिन्यात गेलो.

“ऐका,” मी म्हणालो. आवाज हळू ठेवायचा होता, पण तसा राहिला नाही. “तुमचे फोन बंद करा. सगळे. तुम्ही माझ्या वायफायवर आहात, तिचं बोलणं तुटतंय.”

“अहो, पण तेवढ्याने काय होणार...” वहिनी म्हणाल्या.

“होतं! मागच्या वेळी तिची मुलाखत मीच बंद पाडली. वीज गेली नव्हती. मी ते बटण दाबलं होतं, भलत्या वेळी, आणि घरात खोटं बोललो. हात जोडतो, आज परत नको.”

मग एकेक फोन काळा झाला. फुलदाण्या गेल्या, बातम्या गेल्या. सेक्रेटरींनी चष्मा काढून खिशात ठेवला. अण्णा वरच्या पायरीवर बसले होते, त्यांनी तोंडावर बोट ठेवून कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, “आता ऐक.”

आम्ही ऐकलं. दाराआडून, पॅसेजच्या टोकाकडून लेक बोलत होती. खांबाच्या पायाशी माती वाहून गेली तर कसं ओळखायचं, भेग कोणती घाबरण्यासारखी आणि कोणती नाही. आम्हाला कुणाला काही कळत नव्हतं. ती चाळीस मिनिटं बोलली, आणि एकदाही कुणाला पुन्हा सांगा म्हणाली नाही. माझ्या मागे ही येऊन उभी राहिली होती. हिने सगळं ऐकलं होतं हे मला हिच्या श्वासावरून कळलं. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरात.

बाराला लेक बाहेर आली. जिना तोवर पांगला होता. मी म्हणालो, “मला तुला एक सांगायचंय. त्या मंगळवारी...”

“अकरा वाजून सात मिनिटं,” ती म्हणाली.

“काय?”

तिने माझाच फोन उचलला, ॲपमध्ये खाली कुठेतरी गेली आणि पान माझ्यासमोर धरलं. तारीख, वेळ, केलेला बदल, करणाऱ्याचं नाव. ‘११.०७. रेडिओ पुन्हा सुरू केला. बाबा.’ ते नाव तिनेच घातलेलं, तबकडी बसवली त्या दिवशी. मी आवक-जावकात केस पांढरे केले आणि माझ्या छताला आवक-जावकाचं रजिस्टर टांगलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

“तुला कधीपासून...”

“त्याच संध्याकाळी बघितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पंख्याचं सांगितलंस ना. म्हटलं, नोंद तर आहेच. माणूस स्वतःहून सांगायला कधी येतो बघू.” मग ती पहिल्यांदा हसली. “मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, बाहेर कोण ओरडतंय, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, माझे बाबा आहेत, नेटवर्क दुरुस्त करताहेत.”

मी स्टुलावर बसलो. लाज वाटली, फार वाटली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा भूकही लागली.

नोकरी मिळाली. दुसऱ्या गावी. या मुलाखतीसाठी मी दहा दिवस रक्ताचं पाणी केलं, पण ती जिंकली तर लेक जाणार, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी तिने तबकडीचे सगळे अधिकार आपल्याकडे घेतले आणि मला ‘फक्त पाहणे’ एवढाच ठेवला. अठ्ठावीस वर्षं सेवा केलेल्या माणसाला ‘फक्त पाहणे’! मी लेखी निषेध नोंदवणार होतो, पण ही म्हणाली, “हेच आधी करायला हवं होतं.”

मी पाहतो. रोज संध्याकाळी चहा घेताना नोंदी वाचायची मला सवय लागली आहे. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत लेकीचा फोन अजून आहे, करड्या रंगात, ‘जोडलेला नाही.’ समोर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे. ही एकदा म्हणाली, “नसलेलं काढून टाका की.” मी म्हणालो, नोंद खोडायची नसते. तेवढं माझ्या अखत्यारीत आहे. खरं म्हणजे तेही नाही.

गेल्या शनिवारी असाच बसलो होतो. ही आत कपडे घड्या करत होती. यादी वर सरकवली तर पहिल्या ओळीत नवी नोंद दिसली: ‘६.४२. लेकीचा फोन जोडला गेला.’ करडा रंग हिरवा झाला होता. मी कान दिला. बेल वाजली नव्हती. मग मला पहिल्या मजल्याचं वळण आठवलं, आणि मी चहा तसाच ठेवून दाराकडे धावलो.

दार उघडलं तेव्हा ती अजून सात-आठ पायऱ्या खाली होती. पाठीवर बॅग, हातात पिशवी.

“बाबा! तुला कसं कळलं? मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

“नोंद झाली,” मी म्हणालो आणि बॅग घ्यायला खाली उतरलो.

आतून हिचा आवाज आला, “अहो, कुठे धावलात? त्या यंत्राला परत हात लावलात का?”